हॅमस्टर घ्यावा की नाही? जळगाव, तिसरा मजला, वर थेट स्लॅब

मेहरूणकाठ
मुलगी सहावीत, तिला हॅमस्टर हवाय. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापतो. हॉलमध्ये कूलर, एसी एकाच बेडरूममध्ये आणि तोही रात्रीपुरता. घरात आई आहेत, वय ७०, मधुमेह. दुकानदार म्हणतो, "वाळवंटातला प्राणी आहे, ऊन सोसतो. जोडीच न्या, एकटा उदास होतो." सोबत दीड फुटाचा नळ्यांचा रंगीत पिंजरा देतोय. अजून काही घेतलेलं नाही. गोंडस असतो हे दिसतंच आहे, त्यापलीकडचं सांगा.

लळिंग
ऊन, जोडी आणि पिंजरा, तिन्ही चुकीचं सांगितलंय. मी फक्त उन्हाचं बोलतो, बाकीचं इथले जाणकार सांगतील.

दुकानात जो मोठा, सोनेरी-तपकिरी मिळतो तो सीरियन हॅमस्टर. मूळ गाव उत्तर सीरिया आणि लगतचा तुर्कस्तान. १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी पिल्लांसकट खणून काढली. आज जगभर पाळले जाणारे सीरियन बहुतेक त्याच पिल्लांचे वंशज आहेत. तिथे ऊन कडक असतं हे खरं, पण हा प्राणी दुपारच्या उन्हात बाहेर पडतच नाही. अर्धा ते एक मीटर खोल बिळात दिवस काढतो आणि तेवढ्या खोलीवर माती गार असते. आपण त्याला पिंजऱ्यात ठेवतो तेव्हा बीळ काढून घेतो आणि ऊन मात्र तसंच ठेवतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही.

त्याला मानवतं १८ ते २४ अंश. २६-२७ चालवून घेतो. २८ च्या पुढे खाणं कमी, हालचाल कमी. ३० ओलांडलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि हवा दमट असेल तर आणखी आधी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. तेव्हा तुमचा निर्णय एकाच आकड्यावर आहे: मेमध्ये दुपारी चार वाजता त्या खोलीत किती अंश असतात?

तापीकाठ
इतला ऊनमा तो वाची का भो? आमच्याकडं कोंबड्या माना टाकतात मेमध्ये.

फैजपूरकर
उगाच घाबरवू नका. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कूलर एसीच्या तोडीस तोड चालतो. मुंबईच्या दमट हवेचे नियम खान्देशाला लावून कसं चालेल?

लळिंग
कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, मान्य. पण हिशोब मांडू. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. पाणी उडवून ही हवा अगदी शेवटपर्यंत गार केली तरी २३-२४ च्या खाली जाणार नाही, तो भौतिक नियम आहे. घरगुती कूलरचे पॅड त्यातला तीन चतुर्थांश पल्ला गाठतात. म्हणजे कूलरच्या तोंडाशी २८-२९. खोलीत स्लॅबची धग मिसळली की ३१ ते ३३.

आपल्याला तिथे बरं वाटतं कारण वारा घामावर लागतो. हॅमस्टरला घामच नाही, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने त्याला फारसा गारवा मिळत नाही, हवा फक्त हलते. थेट झोत तर लावूच नये, डोळे-नाक कोरडे पडतात.

आता जून घ्या. पेरणीआधीचे ढग, ३९ अंश, आर्द्रता ५० टक्के. तेव्हा कूलरच्या तोंडाशीच ३१-३२ येतात आणि खोली चिकट होते ती वेगळी. ते दोन-तीन आठवडे कोरड्या मेपेक्षा वाईट. वर दुपारी वीज गेली तर कूलर बंद, आणि वरच्या मजल्याची खोली तासाभरात कुठच्या कुठे जाते.

धाब्याचं घर
फ्लॅटचं ठीक. गावाकडच्या धाब्याच्या घरात चित्र वेगळं असतं. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, वर सागाची कडीपाट आणि मातीचा थर. भर दुपारी बाहेर आणि आतल्या खोलीत चांगला आठ-दहा अंशांचा फरक पडतो.

लळिंग
पडतो. पण ४४ मधून दहा वजा केले तरी ३४. आणि धाब्याच्या घरात मांजर, घुशी, उंदीर, मागावर येणारी धामण हे सगळं गृहीत धरावं लागतं. घरातले उंदीर पिंजऱ्यातलं धान्य खायला येतात आणि गोचीड-पिसवा देऊन जातात. माठासारखी गार खोली असली तरी एसी नसेल तर मे निघत नाही.

मेहरूणकाठ
म्हणजे एसी दिवसभर? बिलाचा अंदाज द्या कुणीतरी.

लळिंग
एक टनाचा इन्व्हर्टर एसी, १० बाय १० ची खोली, २६ अंशांवर चोवीस तास. डोक्यावर स्लॅब असेल तर रोज साधारण १० ते १२ युनिट धरा, तळमजल्यावर त्याहून कमी. होळीनंतर पंधरवड्याने सुरू करून पाऊस स्थिरावेपर्यंत ८०-९० दिवस. हजाराच्या आसपास युनिट झाले. तुमच्या बिलाच्या स्लॅबप्रमाणे गुणा, कारण जास्त वापराला दर चढतो.

गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुन्याचे दोन हात दिले तर खालची खोली काही अंशांनी उतरते आणि एसीचा दम वाचतो. हॅमस्टर घ्या न घ्या, ते काम कराच.

वीज गेल्यावर काय, हे आधी ठरवा. घरच्या साध्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. तेव्हासाठी फ्रीझरमध्ये एक लिटरच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवायच्या. फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर, जाळीला टेकवून. आत ठेवल्या तर प्लास्टिक कुरतडतो आणि अंथरूण ओलं होतं. आत ठेवायला शहाबादी फरशीचा किंवा कडप्प्याचा वीतभर तुकडा, फ्रिजमध्ये गार करून. तो स्वतःहून पोट टेकवून पसरतो. भाजलेल्या पण ग्लेझ (चकचकीत लेप) नसलेल्या मातीचं छोटं मडकं आडवं अर्धं पुरून ठेवलं तर झोपायला बरं. हे सगळं दोन-तीन तासांची सोय आहे, एसीला पर्याय नाही.

पाटणादेवी
पिंजऱ्यावर लिहितो. दीड फुटाच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात सीरियन ठेवणं म्हणजे त्याला जाळ्या चावायला लावणं. जाळी चावणं, एकाच कोपऱ्यात वर चढून पडणं, येरझारा, ही सगळी जागा अपुरी असल्याची लक्षणं आहेत, खेळ नव्हे. त्या नळ्यांत हवा खेळत नाही आणि मोठा सीरियन अडकतो.

सलग जमीन किमान १०० बाय ५० सेंटिमीटर हवी. मजल्यावर मजले चढवून ही बेरीज करायची नाही. चार फुटी माशांची टाकी, दीड फूट रुंद असेल तर मापात बसते, पण काचेत उष्णता कोंडते, म्हणून वर झाकण पूर्ण जाळीचं लागतं. आपल्याकडे सोपं पडतं ते सुताराकडून पेटी करून घेणं: १२ मिमी प्लाय, आतून सनमायका (नाहीतर लघवी मुरून प्लाय फुगतो), पुढच्या बाजूला खाली एक फूट ॲक्रिलिक, वरच्या भागात आणि झाकणाला वेल्डमेश. नेहमीच्या जाळीचं भोक अर्धा इंच म्हणजे १२ मिमी. त्यातून मोठा सीरियन जात नाही, पण पिल्लू आणि बुटके (ड्वार्फ, लहान जातींचे) हॅमस्टर सहज निसटतात. पाव इंची घ्या म्हणजे प्रश्न मिटला. सनमायकाच्या कडा उघड्या राहिल्या तर तिथूनच कुरतडायला सुरुवात करतो, त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी मारून घ्या.

चाक सीरियनला २५ ते २८ सेंटिमीटर व्यासाचं, बुटक्यांना १८-२०. पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे. पाठ वाकत असेल तर चाक लहान आहे आणि मणक्याला इजा होते. सळ्यांचं चाक नको, पाय अडकून मोडतो. दुकानातल्या पिंजऱ्यासोबत येणारं चाक बहुधा १२-१४ सेंटिमीटरचं असतं. आणि ते पारदर्शक चेंडू, ज्यात हॅमस्टर घालून घरभर सोडतात, ते घेऊच नका. आत हवा कमी, उष्णता जास्त, वाट दिसत नाही.

अंथरूण २० सेंटिमीटर खोल तरी हवं, एका बाजूला २५ केलं तर उत्तम. तो खणतो, बीळ करतो, तिथेच धान्य साठवतो. १०० बाय ५० च्या पेटीत २० सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर माल, हे दुकानदार सांगत नाही.

मेहरूणकाठ
१०० लिटर? सॉ मिलमधून भुसा आणला तर? आणि गादीवाल्याकडं कापूस आहेच.

पाटणादेवी
कापूस अजिबात नको, खान्देशात तो कितीही स्वस्त असला तरी. तंतू पायाला गुंडाळतो, रक्त थांबतं, पाय काळा पडतो. गालाच्या पिशवीत भरला की निघत नाही, गिळला तर आतडं तुंबतं. "हॅमस्टर वूल" नावाने विकतात तेही हेच.

सॉ मिलच्या भुशात दोन गोष्टी बिघडतात. करवतीचा भुसा पिठासारखा बारीक असतो, श्वासात जातो. आणि तो कोणत्या लाकडाचा हे मिलवाल्यालाही नक्की सांगता येत नाही. देवदार, पाईन यांच्या वासाची तेलं श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रास देतात. ॲस्पेन या लाकडाची रंध्याची जाड सालपटं मिळाली तर चांगलं, नाहीतर कागदी बेडिंग. घरी करायचं तर छपाई नसलेला कोरा कागद किंवा बिनवासाचे टिश्यू फाडून. वर्तमानपत्राची शाई नको. कडबा टोकदार असतो, गालाच्या पिशवीला आतून जखम करतो. मऊ वाळलेलं गवत थोडं मिसळलं तर बीळ ढासळत नाही. मक्याच्या कणसाचा भुसा पावसाळ्यात बुरशी धरतो. शेंगांच्या टरफलांचंही तेच.

स्वच्छतेच्या नावाखाली दर रविवारी सगळं ओतून टाकू नका. त्याचा वास गेला की तो बावचळतो. लघवीचा कोपरा दोन-तीन दिवसांनी काढायचा, बाकी अंथरुणाचा तिसरा हिस्सा तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. पावसाळ्यात मात्र तळ उकरून साठा तपासा. काकडीचा तुकडा खाली सडत असतो.

एक ताट वाळूही लागते, अंग घासायला. नदीची वाळू चालेल, पण बारीक रव्यासारखी चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन आणि कढईत तापवून. चिंचिला नावाच्या प्राण्यासाठी पावडर मिळते ती नको, फुप्फुसात बसते.

कळण्याची भाकरी
खाण्याचं माझ्याकडे. सीरियनला रोज १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन सपाट चमचे. बुटक्याला एक. ताट रिकामं दिसलं म्हणून पुन्हा भरू नका, सगळं गालात भरून बिळात गेलेलं असतं.

बाजरी, राळा, नागली, ज्वारी, ओट, थोडा गहू हे सगळं चालतं आणि आपल्याकडे मिळतं. पण नुसत्या धान्यावर प्रथिनं १०-१२ टक्क्यांवर अडतात, लागतात १६ ते १८. म्हणून निम्मं पाकिटातलं हॅमस्टर खाद्य (पाकिटावर प्रथिनांचा आकडा छापलेला घ्या) आणि निम्मं घरचं. वर जवस अर्धा चमचा आठवड्याला, भोपळ्याच्या बिया दोन, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग वाटाण्याएवढा आठवड्यातून दोनदा. सूर्यफुलाच्या बिया त्याला फार आवडतात आणि त्यानेच तो सुटतो. हातावर बसवायला बक्षीस म्हणून एखादी द्या. पाकिटात रंगीत गोळ्या आणि मध लावलेल्या कांड्या असतील तर ते पाकीट नको.

भाजी नखाएवढी: काकडी, कोथिंबीर, दोडका, गाजराची चकती. कांदा, लसूण, लिंबू-मोसंबी, कच्चा बटाटा, टोमॅटो-वांग्याची पानं-देठ, कच्चा राजमा, चॉकलेट, शेव-फरसाण, पापड: काहीच नको. शेंगदाणा बिनमिठाचा, आणि जुना खवट असेल तर तो तर मुळीच नाही, बुरशीचं विष असतं.

केळं. रावेर-यावलच्या माणसाला हे सांगावं लागतंच: घरात फणी लटकलेली आहे म्हणून रोज नाही. वाटाण्याएवढा तुकडा, आठवड्यात एकदा, आणि फक्त सीरियनला. बुटक्यांच्या काही जातींत मधुमेह सहज होतो. चिकट केळं गालाच्या पिशवीत लागून सडतं तो वेगळा ताप.

तापीकाठ
पाण्याची बाटली गळते म्हणतात उन्हाळ्यात, ते का?

कळण्याची भाकरी
बाटली अर्धी रिकामी असली की वरची हवा तापून फुगते आणि पाणी नळीतून ढकलते. दिवसा तापलं की गळतं, संध्याकाळी बाटली कोरडी. उन्हाळ्यात बाटली काठोकाठ भरा, दिवसातून दोनदा बदला. रोज नळीचं छर्रं बोटाने हलवून बघा, क्षार बसून अडकतं. बोअरच्या जड पाण्याने जास्तच. सोबत चिनी मातीची जड वाटी ठेवा म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं आहे. १०० ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण १० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त.

सारंगखेडा
निर्णय घेण्याआधी डॉक्टर शोधा. आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाय-म्हैस-शेळीसाठी आहेत, खासगी डॉक्टर कुत्र्या-मांजरांपर्यंत. फोन करून सरळ विचारायचं: "हॅमस्टर बघता का? १२० ग्रॅमच्या जनावराला डोस देता का?" नाही म्हणाले तर नाशिक-पुणे गाठावं लागेल. मे महिन्यात आजारी हॅमस्टर एसटीने नेता येत नाही.

हे औषधांपायी सांगतोय. मेडिकलमधून आणून ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन यातलं काहीही पाजू नका. हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू वाढतो आणि जनावर औषधानेच जातं. माणसाच्या मुलाला जे रोज देतात तेच याला विष आहे.

दुसरं, खरजेसाठी गुरांचं आयव्हरमेक्टिन. त्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. किलोला ०.२ मिलिग्रॅम डोस धरला तर १२० ग्रॅमच्या हॅमस्टरला लागतात ०.००२४ मिली. हा थेंबाचा विसावा भाग झाला, कुठल्याच सिरिंजला मोजता येत नाही. "एक थेंब सोडला" म्हणजे वीसपट दिलं.

ओळखायचे आजार. तीन ते दहा आठवड्यांच्या पिल्लाची शेपटीकडची बाजू ओली, वास मारणारी हगवण, पाठ कुबड काढून बसणं: हा वेट टेल. दूध तुटणं, प्रवास, नवा पिंजरा या ताणातून उफाळतो आणि एक-दोन दिवसांत संपवतो. सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडायला पेरूची वाळलेली फांदी द्या. खाताना दाणा पडत असेल तर दात बघा. सीरियनच्या दोन्ही कुशीवर काळपट ठिपके दिसतात ते गंधग्रंथी आहेत, गाठ नाही, त्यावर मलम लावू नका.

उष्माघात झालाच तर: हातपाय पसरून पडलेला, हनुवटी लाळेने ओली, श्वास भरभर, उचलल्यावर झोकांड्या. लगेच गार खोलीत न्या. साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कान आणि तळव्यांना लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. शुद्धीवर असेल तर ड्रॉपरने थेंबथेंब पाणी ओठाशी, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही.

लळिंग
याच्या उलटही लिहून ठेवा. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा ८ च्या खाली उतरतो. खोली १० अंशांच्या खाली गेली, खाणं कमी पडलं, की हॅमस्टर सुन्न पडतो: अंग गार, श्वास मिनिटाला एखाद-दोन. मेला समजून पुरून टाकतात. मिशा बघायच्या, हलतात. तळहाताच्या उबेत अर्धा-पाऊण तास धरून हळूहळू गरम करायचं, हीटरसमोर नाही.

मेहरूणकाठ
आईंच्या दृष्टीने काही धोका? आणि जोडीचं काय?

सारंगखेडा
विष्ठेतून साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू येऊ शकतो. मधुमेही, वयस्कर माणसांनी पेटी साफ करू नये, आणि पेटी स्वयंपाकघरात, माठाजवळ नको. हात लावल्यावर प्रत्येकाने साबणाने धुवायचे. गरोदर बाई घरात असेल तर मात्र नवा हॅमस्टर आणूच नये. लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस नावाचा विषाणू उंदीरवर्गातून येतो आणि पोटातल्या बाळाला इजा करतो. चावला तर साबणाच्या वाहत्या पाण्याखाली धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते डॉक्टरांना सांगा. मधुमेहात बारीक जखमही लवकर बघून घ्यावी.

जोडी नाही. सीरियन हा एकटाच राहणारा प्राणी आहे. पाच-सहा आठवड्यांचे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात, रात्री तुम्ही झोपलेले असताना. नर-मादी असतील तर मादी महिना-दीड महिन्याची असतानाच गाभण राहू शकते, गर्भ १६ दिवसांचा, एका वेताला सहा ते दहा पिल्लं. पेटी उचकली, पिल्लांना हात लागला तर आई पिल्लं खाऊ शकते. सहावीतल्या मुलीला ते बघायला लावू नका.

फैजपूरकर
मुलीसाठी म्हणून घेताय तर आणखी एक बघा. तो संध्याकाळी सात-आठनंतर उठतो, रात्री दोनला चाक फिरवतो. मुलगी शाळेतून येते तेव्हा झोपलेला. झोपेतून उचकून उठवला की चावतो. रोज रात्री अर्धा तास कोण देणार? माझ्या मते दहा-अकराच्या मुलीला कळतं, पण जबाबदारी मोठ्यांचीच धरून चाला. एसीच्या त्याच बेडरूममध्ये पेटी राहणार म्हणजे चाकाचा आवाज तुमच्या उशाशी. बेअरिंगचं चाक घ्या.

मेहरूणकाठ
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे पेटी जिथे एसी तिथेच, आणि एसी जिथे आम्ही झोपतो तिथेच.

पाटणादेवी
हो. आणि त्याच खोलीत मग मच्छरची कॉइल, लिक्विडचं मशीन, मुंग्यांचा खडू, झुरळाचा स्प्रे काही नाही. पेटीच्या स्टुलाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. डासांना खिडकीची जाळी. शेतीची फवारणीची औषधं घरात असतील तर ती दुसऱ्या खोलीत, बंद.

तापीकाठ
सशाचं बघा त्यापेक्षा. नाहीतर गिनीपिग.

सारंगखेडा
सशाचंही उन्हाशी तेच वाकडं आहे, २८-३० नंतर तोही धापा टाकतो. गिनीपिग दिवसा जागा असतो, चावत कमी, मुलांना बरा. पण तो एकटा ठेवायचा नसतो, रोज क जीवनसत्त्व लागतं, गवत ढीगभर लागतं आणि २६-२७ च्या वर तोही अडचणीत. एसीशिवाय खान्देशात जे निभतं ते म्हणजे बजरीगर, छोटे पोपट. मूळ ऑस्ट्रेलियाच्या तापट भागातले, सावली आणि दिवसातून दोनदा बदललेलं पाणी असेल तर बऱ्यापैकी उन्हाळा काढतात. पत्र्याखाली मात्र तेही नाही.

मेहरूणकाठ
आत्ता काही घेत नाही. तापमानाचा मीटर घेतलाय, कमाल-किमान नोंद ठेवणारा. तो कुठे लावू? आणि पुढे घ्यायचाच झाला तर दुकानात काय बघू?

लळिंग
बेडरूममध्ये, पेटी जिथे येणार त्याच टेबलावर, जमिनीपासून अडीच फुटांवर. भिंतीला टेकवू नका, पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते आणि आकडा खोटा वाढतो. एसीच्या झोतात नको, टीव्हीवर नको. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत रोज रात्री दोन्ही आकडे वहीत लिहा आणि मीटर रिसेट करा, नाहीतर सोमवारचाच कमाल आकडा आठवडाभर दिसत राहतो. एसी २६ वर दिवसभर ठेवून पाच-सहा दिवस बघा, मग तास-दोन तास मुद्दाम बंद करून किती वर चढतो ते बघा. एसी चालू असताना २६-२७ च्या आत आणि बंद केल्यावर दोन तासांत ३० च्या आत राहिलं तर ऑक्टोबरमध्ये घ्या. म्हणजे पहिला उन्हाळा येईपर्यंत त्याला हाताची सवय झालेली असेल. दोन तासांत ३३-३४ गेलं तर त्या खोलीत नको.

सारंगखेडा
दुकानात संध्याकाळी जा, दुपारी सगळेच झोपलेले असतात आणि आजारी-निरोगी सारखेच दिसतात. डोळे उघडे-चमकदार, नाक कोरडं, शेपटीखाली कोरडं, चालताना डुलत नाही, श्वासाला टकटक आवाज नाही. एका टाकीत नर-माद्या एकत्र ठेवल्या असतील तर मादी गाभण धरून चाला. नर ओळखायला शेपटीखालची दोन छिद्रं बघा, नरात त्यांच्यात अंतर जास्त असतं. वय पाच-सहा आठवड्यांच्या आतलं नको. दोन-तीन वर्षं जगतो, त्यामुळे वर्षाचा झालेला "मोठा, शांत" म्हणून गळ्यात मारत असतील तर निम्मं आयुष्य संपलेलं असतं. प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, प्रमाणपत्र दाखवा म्हणा.

आणताना छिद्रांचा टणक डबा, त्यात त्याच टाकीतलं मूठभर जुनं अंथरूण, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचे दोन काप. बाटली गाडीत हिंदकळून सांडते. पुठ्ठ्याचं खोकं तो वाटेत पाळधी गाव यायच्या आत कुरतडून बाहेर येईल.

कळण्याची भाकरी
आणि पहिले तीन दिवस हात घालायचा नाही, फक्त खाणं-पाणी. चौथ्या दिवसापासून संध्याकाळी तळहातावर एक बी ठेवून हात नुसता आत टेकवून ठेवायचा. वरून झडप घालून उचलायचं नाही, त्याला घार आल्यासारखं वाटतं. उचलताना जमिनीवर बसा, हातातून उडी मारतो आणि टेबलाच्या उंचीवरून पडला तरी पाय मोडतो.